कविता न आवडण्याचं कारण (गुण दोन)

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत कवितेवर एक प्रश्न असतो. दोन कवितांची नावं दिलेली असतात, त्यातली एक निवडायची आणि मुद्द्यांवरून लिहायचं. कवी कोण, विषय काय, ओळींचा सरळ अर्थ काय, असे मुद्दे. त्यातच एक मुद्दा येतो: कविता आवडण्याचं वा न आवडण्याचं कारण.

‘वा न आवडण्याचं’ हे शब्द छापलेले असतात, पण ते कुणी वाचत नाही. हा मुद्दा आल्यापासून मी शेकडो उत्तरं तपासली. सगळ्या पोरांना सगळ्या कविता आवडायच्या. ‘प्रस्तुत कविता मला खूप आवडते, कारण कवीने साध्या सोप्या भाषेत मोठा आशय मांडला आहे.’ कविता मोरोपंतांची असो नाहीतर नारायण सुर्व्यांची, कारण हेच. मीही हे वाक्य दिसलं की दोनपैकी दीड गुण देऊन पुढं जायचो.

जानेवारी २०२० मध्ये एका मुलीनं वेगळं लिहिलं. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडची एक माध्यमिक शाळा, माझी नोकरीची शेवटची बॅच, दहावीची पूर्वपरीक्षा. कविता होती द. भा. धामणस्करांची ‘वस्तू’. निर्जीव वस्तूंशीही मायेनं वागावं, त्यांना त्यांची हक्काची जागा द्यावी, असा त्या कवितेचा आशय. मुलीचे आईवडील ऊसतोडीला जाणारे, ती आजीजवळ राहून शिकणारी. तिनं लिहिलं होतं ते मला जवळजवळ जसंच्या तसं आठवतं:

‘मला ही कविता आवडली नाही. कवी म्हणतात वस्तूंना त्यांची जागा द्या. आमच्या वस्तू दिवाळीनंतर गाडीत चढतात आणि पाडव्याच्या टायमाला उतरतात. आई तवा आणि दोन पातेली नेते. बाकीचं आजीकडं पोत्यात बांधून असतं. ज्यांची स्वतःची जागा ठरलेली नाही त्यांनी वस्तूंना कुठून द्यायची, हे कवितेत नाही.’

मी लाल पेनानं खाली लिहिलं, ‘कवितेचा आशय समजून घे’. आणि अर्धा गुण दिला.

फेब्रुवारीत पेपर वाटले तेव्हा तिनं तो पाहिला, घडी घातली आणि दप्तरात ठेवला. काही बोलली नाही. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली, भूगोलाचा शेवटचा पेपर कोरोनामुळं रद्द झाला, शाळा बंद पडल्या आणि मे महिन्यात मी निरोपसमारंभाशिवाय निवृत्त झालो. रिकाम्या घरात बसल्यावर त्या अर्ध्या गुणानं मला गाठलं. मी ३४ वर्षं मराठीचा मास्तर. कविता वाचून कुणीतरी खरं उत्तर दिलं, आणि मी ते चूक ठरवलं. असं का झालं?

त्या निमित्तानं मी आपल्या जिल्ह्यात कविता वर्गात कशी आली हे शोधत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते आज मांडतो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात शाळेपासून करता येत नाही, कारण आपल्याकडं कविता शाळेच्या कितीतरी आधीची आहे. प्रवरेच्या काठी नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर निरूपण केलं असं आपण मानतो, तो ‘पैस’ खांब आजही तिथं आहे. ज्ञानेश्वरी पुरी झाल्याचं साल १२९०. आपण ती ग्रंथ म्हणून पूजतो, पण ती मुळात समोर बसलेल्या माणसांना सांगितलेली आहे. त्यात श्रोत्यांना जागोजागी विनवणी आहे, त्यांचं लक्ष मागितलं आहे. आणि सच्चिदानंदबाबा ते लिहून घेतायत. म्हणजे एक सांगणारा, एक लिहिणारा आणि भोवती ऐकणारे. मराठीतला हा थोर वर्ग आपल्या जिल्ह्यात भरला, आणि त्यात ऐकणाऱ्याला मान होता.

दुसरं गाव ताहराबाद, राहुरी तालुक्यातलं. तिथले महिपती (१७१५–१७९०) हे गावचे कुलकर्णी. सरकारी बोलावण्यापायी देवपूजा अर्धी टाकून जावं लागलं, तेव्हा त्यांनी कुलकर्णपणाची लेखणी खाली ठेवली आणि पुढं ती फक्त संतांची चरित्रं लिहायलाच उचलली, अशी कथा सांगतात. १७६२ चा ‘भक्तविजय’ त्यांचाच. ५७ अध्याय, साधी ओवी. आमच्या घरी आजी पोथी लावायची तेव्हा आळीतल्या ज्या बायकांना अक्षर येत नव्हतं त्यासुद्धा मधेच थांबवून विचारायच्या, ‘अगं पण देवानं असं का करावं?’ पोथी बंद व्हायची, वाद व्हायचा, मग पुढची ओवी. रसग्रहण हा शब्द त्यांनी ऐकलेला नव्हता.

तिसरं गाव संगमनेर. तिथले शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९). लावण्या आणि तमाशातून नाव कमावलेला माणूस. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली आणि फंदींनी तमाशा सोडून कीर्तन धरलं, अशी आख्यायिका आहे. ज्या अहिल्याबाईंचा जन्म आपल्या चौंडीचा, ज्यांचं नाव आता जिल्ह्याला आहे, त्या एका शाहिराला समोर बसवून ‘हे मला आवडलं नाही’ असं सांगतात, आणि शाहीर तोंड फिरवत नाही, स्वतःचा रस्ता बदलतो. खरंखोटं इतिहासकार बघतील. लोकांनी ही गोष्ट दोनशे वर्षं जपली, एवढं मला पुरेसं आहे. श्रोत्याला नापसंती सांगायचा हक्क आहे, हे लोक धरून होते.

आता शाळा. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. १८३९ मध्ये सिंथिया फरार बाई आल्या आणि १८६२ मध्ये इथंच वारेपर्यंत मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचे धडे त्यांच्याकडं घेतले, असं चरित्रकार सांगतात. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं पत्रही १८४२ मध्ये नगरलाच सुरू झालं, पुढं ते मुंबईला गेलं.

मग येतं १८५४ साल. या एका वर्षात मराठी कवितेची दोन पुस्तकं निघाली. एक ‘नवनीत’. परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी जुन्या कवींचे वेचे शाळांसाठी निवडून काढले. वामन पंडित, मुक्तेश्वर, मोरोपंत, तुकाराम. त्यानंतर कित्येक पिढ्या हे पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं गेलं. आजच्या ‘कुमारभारती’तला पद्यविभाग ज्या घराण्यातला, त्याचा मूळपुरुष हाच. दुसरं पुस्तक ‘काव्यफुले’, सावित्रीबाई फुल्यांचं. तेवीस वर्षांच्या एका शिक्षिकेच्या स्वतःच्या कविता.

गोडबोल्यांना नावं ठेवायची नाहीत. पोथ्यांतून, कीर्तनांतून विखुरलेली कविता त्यांनी पोरांच्या हातात दिली, हे मोठं काम. पण ‘वेचा’ म्हणजे काय ते बघा. आख्यान कीर्तनातून उचललं, त्याचा तुकडा पाडला, खाली कठीण शब्दांचे अर्थ आले. कविता कुणाच्या तोंडून येत होती, समोर कोण बसलं होतं, ते सुटून गेलं. पुढं १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आणि १८५९ पासून मॅट्रिकची परीक्षा आली. कवितेला आता समोर श्रोता नव्हता, परीक्षक होता. परीक्षक श्रोत्यासारखा मधेच थांबवून ‘असं का?’ विचारत नाही. त्याच्याकडं उत्तर आधीच ठरलेलं असतं.

पण त्याच काळात वर्गातून एक वेगळाच आवाज आला. मुक्ता साळवे. पुण्यातल्या फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मातंग समाजातली मुलगी. तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ मध्ये छापला ‘ज्ञानोदया’नं, आपल्या नगरात जन्मलेल्या पत्रानं, दोन अंकांत. शाळेनं तिला वाचायला शिकवलं, आणि तिनं पहिलं काम काय केलं? ज्या धर्माचे ग्रंथ आम्हाला वाचूही देत नाहीत तो धर्म आमचा कसा, हा सवाल टाकला. ‘आशय समजून घे’ असं तिच्या वहीत कुणी लिहिलं असतं तर? तिच्या गुरुजींनी आणि बाईंनी तसं केलं नाही, म्हणून तो निबंध आज आपल्याजवळ आहे.

हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी दरवर्षी सावित्रीबाईंच्या जयंतीला भाषण करायचो, त्या जानेवारीतही केलं होतं. त्याच महिन्यात तो पेपर तपासला.

पुढं बघू. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि नगरला आले. मिशनच्या पाठशाळेत शिकवायचे, ‘ज्ञानोदया’त लिहायचे, आणि कविता तर अखंड चालू. ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून शाळेच्या पुस्तकांनी त्यांना घराघरांत नेलं. मला त्यांची दुसरी गोष्ट मोठी वाटते. धर्म बदलला तरी त्यांनी कीर्तन सोडलं नाही. अभंग, ओवी, टाळ-मृदंग हे सगळं त्यांनी चर्चमध्ये नेलं, कारण कविता तोंडातून कानात गेल्याशिवाय माणसात उतरत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. पुढं १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला.

नगरच्या या घरात बालकवी ठोंबरे काही काळ घरच्यासारखे राहिले. अवघ्या अठ्ठावीस वर्षांचं आयुष्य मिळालेला हा कवी. त्याच्या निसर्गकविता आज आपण ‘काव्यसौंदर्य’ या मथळ्याखाली पाठ करून घेतो. तो घरात कसा वागायचा, कसा रुसायचा, हे वाचायचं तर ‘स्मृतिचित्रे’ काढायची. लक्ष्मीबाई टिळक. रूढ अर्थानं शाळा न शिकलेली बाई, आणि मराठी गद्यातलं एक थोर पुस्तक त्यांच्या नावावर. नवरा मोठा कवी म्हणून त्या दबून गेल्या नाहीत. त्याचं वेंधळेपण, तापट स्वभाव, उधळेपणा, सगळं हसत हसत लिहून ठेवलं. त्यांच्या घरात कवितेला नमस्कार करायची सक्ती नव्हती, म्हणून तिथं कविता जिवंत राहिली, असं मला वाटतं.

तिसावं दशक आचार्य अत्र्यांचं. पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे हेडमास्तर, लंडनहून शिक्षणशास्त्र शिकून आलेले. त्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’नं मराठीच्या पुस्तकाला पोरांच्या घरात आणून बसवलं. ‘दिनूचं बिल’ ज्यांनी वाचलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आणि याच अत्र्यांनी आधी ‘झेंडूची फुले’ लिहून थोरामोठ्या कवींची विडंबनं केली होती. म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकाला नवं रूप देणारा माणूस कवितेची टिंगल करण्यात पटाईत होता. ज्याला कविता मनापासून आवडते तोच तिची अशी फिरकी घेऊ शकतो. भीती असली की फक्त पाठांतर होतं.

स्वातंत्र्यानंतर आपल्या जिल्ह्यात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. एकामागून एक कारखाने आले, त्यांच्यामागून शिक्षणसंस्था. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘रयत’च्या शाखा गावोगावी निघाल्या, जिल्ह्यातल्या संस्थांनीही माध्यमिक शाळा काढल्या. माझ्यासारख्या घरातली पहिली पिढी हायस्कुलात बसली ती यामुळं. हे ऋण मोठं आहे. पण त्याच साखरेची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. उत्तरेकडं ज्या उसानं शाळा उभ्या केल्या, त्याच उसाच्या तोडणीसाठी दक्षिणेकडच्या तालुक्यांतले बाक दिवाळीनंतर रिकामे होतात. माझ्या वर्गात जूनमध्ये बेचाळीस पोरं असायची, डिसेंबरात तीस. ती मुलगी त्या तिसांतली होती. राहिली ती आजीच्या जिवावर.

मी स्वतः शिकलो नेवासे तालुक्यातल्या एका खेड्यात. १९७५ पासून दहावीची नवी परीक्षा आली, मी १९७८ ला बसलो. ‘बालभारती’ १९६७ पासूनची, म्हणजे आम्ही तिच्या पुस्तकांवर वाढलेली अगदी सुरुवातीची पोरं. ‘किशोर’ मासिक १९७१ ला निघालं, आमच्या शाळेत त्याचा एकच अंक यायचा आणि तो हाताहातातून फिरून पंधरा दिवसांत फाटायचा.

आमचे मराठीचे सर एक वेगळं काम करायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्याला थांबायचं त्यानं थांबायचं, आणि नाटक वाचायचं. भूमिका वाटून. नववीत असताना चार शनिवार आम्ही अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ वाचलं. नमस्काराचं वेड घेतलेल्या रावबहादुरांचं काम एका दोनदा नापास झालेल्या मुलाला दिलं होतं. त्याच्या घरात भारुडाची सोंगं घ्यायची परंपरा. कुठं थांबायचं आणि कुठं आवाज चढवायचा हे त्याला शिकवावं लागलं नाही. पेपरात पस्तीस न मिळवणारा पोरगा, आणि त्याच्यापुढं आम्ही पहिल्या नंबरवाले बोबडे ठरलो. वाचन संपलं की सर विचारायचे, ‘रावबहादूर चुकतोय का? कोण म्हणतं चुकतोय, त्यानं उभं राहून सांगा.’ मग तासभर भांडण. रावबहादूर झालेला पोरगा त्यांची बाजू घेऊन लढायचा.

हे नाटक आमच्या पुस्तकात नव्हतं, त्यावर गुण नव्हते. बहुतेक शाळांत नाटक गॅदरिंगमध्ये असायचं, वर्गात नाही. वर्गात कधीमधी एखादा नाट्यप्रवेश यायचा, तोही धड्यासारखा: ‘असे कोण कोणास म्हणाले?’ आणि हे कुठल्या जिल्ह्यात? मधुकर तोरडमल नगरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून मग रंगभूमीवर गेले, ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’ लिहिलं. सदाशिव अमरापूरकर नगरचेच, इथल्या नाटकांत घडून ‘अर्धसत्य’पर्यंत पोचले. १९९७ चं साहित्य संमेलन ना. सं. इनामदारांच्या अध्यक्षतेखाली नगरला झालं, तेव्हा आम्ही शिक्षक मंडळी रजा टाकून गेलो. साहित्य, नाटक सगळं गावात होतं. वर्गाच्या दारात आलं की ते चपला काढून ‘प्रश्न पहिला’ व्हायचं.

१९८६ ला मी नोकरीला लागलो तेव्हा ठरवलं होतं की सरांसारखं शिकवीन. पहिली काही वर्षं शनिवारचं वाचन चालवलंही. मग निकालाची टक्केवारी आली. बोर्डाच्या निकालात मराठीत कुणी पडता कामा नये, जादा तास घ्या, नमुना उत्तरं द्या. वरून दडपण होतं हे खरं, पण सोपा रस्ता मी स्वतः धरला, तो दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. शनिवारी नाटकाच्या जागी सराव पेपर आले. फळ्यावर मी तीन मथळे लिहून द्यायचो: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. प्रत्येकाखाली दोन वाक्यं, कुठल्याही कवितेला बसणारी. पोरं ती लिहायची आणि गुण मिळायचे.

मग २०१८ ला दहावीचं नवं पुस्तक आलं, प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली. हेतू चांगला होता. पोरांनी पाठ केलेलं ओतू नये, स्वतःचं लिहावं. ‘न आवडण्याचं कारण’ हा मुद्दा त्याच हेतूचा. ज्या कुणी तो घातला, त्यानं फंदींच्या श्रोत्याचा हक्क दीडशे वर्षांनी परत वर्गात आणला, असं मी म्हणेन. पण आम्ही काय केलं? त्याचंही नमुना उत्तर केलं.

तोंडी परीक्षेचंही तेच. भाषा विषयांचे २० गुण शाळेच्या हातात असायचे, ते २०१९ च्या परीक्षेला काढून घेतले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. बोंबाबोंब झाली, पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले, आणि २०२० चा निकाल ९५.३० लागला. सगळी चर्चा टक्क्यांची. तोंडी म्हणजे पोरांनी तोंड उघडायचं, याबद्दल कुणी बोललं नाही. मीही नाही. एका दुपारी चाळीस पोरांची तोंडी मी उरकली आहे. नाव सांग, कवितेच्या दोन ओळी म्हण, जा. अठरा.

ज्या जिल्ह्यात पोथी थांबवून बायका देवाला जाब विचारायच्या, त्या जिल्ह्यातल्या पोरांना मी दोन ओळींत गप्प बसवलं.

आणखी एक सांगतो. त्याच दहावीच्या पुस्तकात दुर्गा भागवतांचा ‘वसंतहृदय चैत्र’ होता. सुंदर पाठ. याच दुर्गाबाईंनी नेवाशाच्या खांबावर ‘पैस’ हा लेख लिहिला, त्याच नावाच्या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी तो पाठ दोन वर्षं शिकवला आणि एकदाही वर्गाला नेवाशाला नेलं नाही. एस.टी.चा एका दिवसाचा प्रवास. सहल मात्र दरवर्षी वॉटर पार्कला गेली.

आता त्या उत्तराकडं परत येतो. निवृत्तीनंतर ‘वस्तू’ मी पुन्हा वाचली, तिचं उत्तर शेजारी ठेवून. आणि मग मला कविता पहिल्यांदा नीट दिसली. वस्तूंना त्यांच्या जागेवरून कुणी हलवू नये असं कवी म्हणतो, तेव्हा तो हलवल्या जाणाऱ्या सगळ्यांबद्दलच बोलत असणार. हे मला कुठल्याही गाईडात सापडलं नसतं. पोत्यात बांधून ठेवलेल्या भांड्यांची मालकीण असलेल्या मुलीनं ते दाखवलं. ती म्हणाली आवडली नाही, पण माझ्या चाळीस पोरांत ती कविता खऱ्या अर्थानं वाचलेली तीच एकटी. दोनपैकी दोन द्यायला हवे होते.

तिची नंतर भेट नाही. जुलैअखेरीस निकाल लागला त्यात ती पास झाली, एवढं शाळेतून कळलं.

हे वाचणाऱ्यांत बरेच शिक्षक आहेत, माझे काही विद्यार्थीही आहेत. शिक्षकांना तीन गोष्टी सांगतो, उपदेश म्हणून नाही, फसलेल्या माणसाचा अनुभव म्हणून.

एक, येत्या चाचणीत वर्गाला स्पष्ट सांगा की ‘आवडली नाही’ लिहिलं तरी पूर्ण गुण मिळतील, फक्त कारण कवितेतलं आणि स्वतःचं पाहिजे. पहिल्या वेळी कुणी लिहिणार नाही. तिसऱ्या वेळी लिहितील.

दोन, तोंडीचे २० गुण खरोखर तोंडाचे ठेवा. मुलानं कविता मोठ्यानं वाचावी, वर्गानं त्याला एक प्रश्न विचारावा, त्यानं उत्तर द्यावं. महिनाभर रोज दोन पोरं घेतली तरी वर्ग संपतो.

तीन, वर्षाला एक नाटक भूमिका वाटून वाचा. पडदा नको, पेटी नको, खर्च नको. आणि मोठी भूमिका नापास होणाऱ्याला द्या.

पालकांनो, पोरगं घरी येऊन म्हणालं की ही कविता मला पटली नाही, तर ‘गप्प पाठ कर’ म्हणू नका. का पटली नाही, विचारा.

आणि बाकी सगळ्यांना एक विनंती. शाळेत असताना तुम्हाला कुठली कविता अजिबात आवडली नव्हती, पण सांगता आलं नाही? कमेंटमध्ये लिहा. कारणासकट लिहा. प्रत्येक उत्तर मी वाचीन, आणि या वेळी लाल पेन हातात घेणार नाही.